आमचा अर्धा डोंगर

माझ्या नवऱ्याच्या तेराव्याची जेवणं उरकली आणि मंडळी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर टेकली. कुणीतरी सायकलचा विषय काढला, तसे सगळे त्याच्या मित्राकडे वळून बसले. ते ठाण्याचे, नौपाड्यातले, कॉलेजपासून त्याच्याबरोबरचे. मी त्यांना भाऊजी म्हणते.

भाऊजी सांगत होते, "मलंगगडाच्या मागे एक ओढा आहे. पाणी गुडघ्याच्या वर. यानं सायकल खांद्यावर घेतली आणि गेला पलीकडे. तिथे गेल्यावर आठवलं, डब्याची पिशवी अलीकडेच राहिली. परत आला पिशवी न्यायला. पण येतानाही सायकल खांद्यावरच! मी म्हटलं, अरे, ती ठेवून यायचंस ना. तर म्हणतो, हो रे, खरंच की."

सगळे हसले. सासूबाईसुद्धा हसल्या, आणि मग पदर तोंडाला लावला. मी स्वयंपाकघराच्या दारात ताटांची चळत धरून उभी होते. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. माझ्याच नवऱ्याची गोष्ट मी सगळ्या पाहुण्यांबरोबर पहिल्यांदा ऐकत होते. दुःख तर होतंच. पण त्या क्षणी मला जे झालं ते दुःख नव्हतं. मला भाऊजींचा मत्सर वाटला, तेराव्याच्या दिवशी, माझ्या घरात. सांगण्यासारखी एक गोष्ट माझ्याजवळही होती, पण तिच्यात काही घडलेलंच नव्हतं.

आमचं लग्न झालं तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरून मलंगगडाची रांग दिसायची. मला ती कपडे वाळत घालताना दिसायची. त्याला तिच्यातल्या वाटा दिसायच्या.

ज्या डोंगरांच्या पायथ्याला एसटी जात नाही, तिथे जायची त्याची आणि भाऊजींची एक पद्धत होती. एसटी फाट्यावर सोडते. तिथून पायथ्यापर्यंत चालण्यातच निम्मा दिवस जातो आणि चढायला वेळ उरत नाही. म्हणून सायकल. कॉलेजात दोघांत एकच धड सायकल होती, भाऊजींच्या काकांनी आखातातून आणलेली, जाड टायरची, गिअरची. मग त्यांनी ठरवलं, की एकाने सायकलने पुढे जायचं, रस्त्यातल्या एखाद्या मोरीजवळ किंवा देवळाजवळ ती ठेवायची आणि चालायला लागायचं. मागून चालत येणाऱ्याने ती घ्यायची, पहिल्याला गाठून पुढे जायचं आणि आणखी पुढे कुठेतरी ठेवायची. सायकल एक, पण दोघांचेही पाय अर्धी वाट वाचतात. पायथ्याच्या पाड्यात कुणाच्या तरी पडवीत ती ठेवून डोंगर चढायचा. नियम एकच होता. मागून येणाऱ्याने उतरायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत. हात करायचा आणि निघून जायचं. नाहीतर सगळा हिशेब बिघडतो.

पुढे त्याने पगारातून स्वतःची गिअरची सायकल घेतली. सासूबाई म्हणाल्या, "एवढी महागाची सायकल, आणि चढ आला की तीच खांद्यावर घ्यायची. त्यापेक्षा गाढव पाळ. निदान ते स्वतःच्या पायांनी चालेल."

रविवारी उजाडायच्या आत भाऊजी शीळफाट्याच्या बाजूने सायकल मारत यायचे आणि खाली घंटी वाजवायचे. संध्याकाळी तो परतायचा तेव्हा मोज्यांत कुसळं असायची. ती मी एकेक करून काढायची. तो आंघोळ करायचा, जेवायचा आणि गप्प बसायचा. रागाने नव्हे. त्याचं बोलणं तिकडेच संपलेलं असायचं. मी कल्याणला एका शाळेच्या ग्रंथालयात काम करायची, तिथेही दिवसभर कुणाशी बोलायचं नसतं. म्हणून घरी दोन शब्द माझ्या वाट्याला यावेत असं वाटायचं. ते भाऊजींना मिळत, पाड्यातल्या म्हाताऱ्यांना मिळत, बहुधा झाडांनाही मिळत असावेत.

एका रविवारी कुसळं काढता काढता मी म्हटलं, "मला ने." सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणायची, एरवी तू.

"कुठे?"

"जिथे भाऊजी आलेले नाहीत तिथे."

तो हसायला लागला. "अगं, असा डोंगर शोधावा लागेल."

"मग शोध."

त्याने खरंच शोधला. कुठेतरी जाता-येता लांबून दिसलेला, फारसा उंच नसलेला, कुणी मुद्दाम जावं असं काही नसलेला. लहानपणी मी तासाच्या भाड्याच्या सायकली चालवल्या होत्या, पण मध्ये बरीच वर्षं गेली होती. म्हणून सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यांवर त्याने मला त्याची सायकल चालवायला लावली. गिअर बदलताना मी दर वेळी खाली बघायची आणि तो ओरडायचा, "पुढे बघ, पुढे! चेन काही पळून जात नाही."

थंडीचे दिवस होते. कल्याणच्या स्टँडवर त्याने सायकल एसटीच्या टपावर चढवून बांधली. कंडक्टर म्हणाला, "सायकल वर, मॅडम आत. उलटं नका करू, साहेब." फाट्यावर उतरलो तेव्हा धुळीच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"तू चालत ये," तो म्हणाला. "पहिली मोरी लागेल, तिथे सायकल असेल. मग तू मला गाठ आणि पुढे जा." आणि तो गेलाही.

मी चालत होते आणि मला राग येत होता. इतक्या हट्टाने आले, तर वाट्याला काय आलं? त्या दोघांचीच पद्धत, आणि मी भाऊजींच्या जागी. तीही एकटी.

मोरीच्या कठड्याला सायकल टेकवलेली होती. सीट खाली केलेली होती. हँडलला त्याचा रुमाल बांधला होता आणि त्यात पाना गुंडाळलेला. तो आणि भाऊजी एकाच उंचीचे, त्यांना सीट कधी हलवावी लागली नसणार. मी सीटवर हात ठेवून जरा वेळ उभी राहिले. मग निघाले.

पुढच्या वळणानंतर तो पाठमोरा दिसला. एकटाच काहीतरी गुणगुणत चालला होता, हात मागे बांधून. घरी तो कधी गुणगुणत नसे. हे भाऊजींनी किती वेळा ऐकलं असेल, असं मनात आलं आणि पुन्हा आतून जळायला लागलं. नियमाप्रमाणे मी हात करून पुढे जायचं होतं. मी ब्रेक दाबला आणि खाली उतरले.

"काय झालं? पंक्चर?"

"नाही."

"मग उतरलीस कशाला? जा ना पुढे."

"मला नाही जायचं पुढे."

"अगं, असं केलं तर पोचणार कधी? दोघांनी चालायचं तर सायकल कशाला आणली?"

"असू दे," मी म्हटलं. "ती पण येईल चालत."

 त्याने माझ्या हातातून हँडल घेतलं. सायकल मध्ये धरून आम्ही चालायला लागलो. तो शाळेतल्या पुस्तकांबद्दल विचारायला लागला, कसर कशी लागते, डांबराच्या गोळ्यांनी जाते का. मी सांगत गेले. मग लहानपणी त्याला विहिरीची भीती वाटायची ते त्याने सांगितलं. पाड्यात सायकल ठेवली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अर्ध्या चढावर त्याने घड्याळ बघितलं.

"वर जाऊन आलो तर शेवटची एसटी चुकेल."

"मग नको जायला."

तिथेच एका आंब्याखाली बसलो. पोळीत चटणी गुंडाळून नेली होती, ती खाल्ली. तो आडवा झाला आणि त्याला झोप लागली. मी पुस्तक नेलं होतं, ते उघडलं नाही. येताना पद्धतीचं नाव त्यानेही काढलं नाही.

त्यानंतर आम्ही पुन्हा गेलो नाही. सासूबाईंचा पाय मोडला, माझी नोकरी, रविवारची कामं. खाली घंटी वाजत राहिली आणि मी कुसळं काढत राहिले. नव्वदचं दशक सरत असताना तो एका दुपारी ऑफिसातच गेला.

वर्षश्राद्धाच्या आधी भाऊजी आले. सायकल नव्हती. खोपटहून एसटीने आले होते. चहा घेतला, सासूबाईंची चौकशी केली. मग म्हणाले, "वहिनी, आम्ही काही जण त्याच्या आठवणीने एक डोंगर करायचं म्हणतोय. सगळे मिळून, त्याच्या पद्धतीनं."

"करा की."

"एकच राहिलाय त्याचा. तुमचा तो अर्धा."

मी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"किती वेळा म्हटलं त्याला, अरे, अर्धा सोडलायस, जाऊ या एका रविवारी, उरकून टाकू. तर म्हणायचा, तो राहू दे. वाट विचारली तर सांगायचा नाही. मला, वहिनी! मला सांगायचा नाही." ते हसले, पण त्यांना हसू नीट आलं नाही. "तिथे असं काय होतं हो?"

त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. स्वयंपाकघराच्या दारात ताटं धरून उभी असताना माझाही तसाच दिसत असणार.

"काही नाही, भाऊजी. एक आंबा होता. सावली चांगली होती."

"कुठला फाटा ते तरी सांगा. तुम्हीही चला आमच्याबरोबर. जीप करू तुमच्यासाठी. माथ्यावर त्याच्या नावानं नारळ फोडू."

ते मनापासून बोलत होते. त्याच्यावर त्यांचं माझ्याइतकंच प्रेम होतं, आणि माझ्याआधीपासून. मला एवढंच दिसत होतं, की दहा-बारा जण हसत-बोलत त्या चढावरून जातील, आंब्यापाशी थांबतील, आणि पुढच्या वेळी सतरंजीवर बसून भाऊजी तीही गोष्ट सांगतील. आणि छान सांगतील.

"आठवत नाही," मी म्हटलं.

"आंबिवलीच्या बाजूला का?"

"नाही आठवत."

त्यांना कळलं. त्यांनी कप खाली ठेवला, सासूबाईंच्या पाया पडले आणि बूट घालायला वाकले. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही. त्या वर्षी ते सगळे दुसऱ्याच एका डोंगरावर जाऊन आले.

फाटा मला आठवतो. मोरी आठवते, पाड्याचं नावही आठवतं. ते मी इथेही लिहिणार नाही.