वय आठ ते बारा

पुण्याच्या एका प्रकाशकाची पुस्तकं विकायला मी धुळ्याला जायचो, तेव्हाची गोष्ट. मुलांच्या पुस्तकांवर 'वय आठ ते बारा' असं छापलेलं असे. ती शाळांतच खपतात, असं मालकांचं ठाम मत होतं.

एका दुपारी बाजारातल्या माझ्या टेबलापाशी साठीच्या एक बाई थांबल्या. कपाळ मोकळं, हातात रिकामी पिशवी. त्यांनी मुलांचंच एक पुस्तक उचललं, एकदम शेवटचं पान उघडलं आणि ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत वाचलं.

"नातवासाठी का, अक्का?"

"नातू कोठला, भाऊ? मीच वाचस."

मी मोठ्यांची एक कादंबरी पुढे केली. त्यांनी ती हळूच मागे सारली.

"मोठासना पुस्तकमा घरथीन गयेल मानूस परत येत नही. यान्हामा पोऱ्या घर येस."

"तुमचं कोण गेलंय?"

"एकच पोऱ्या व्हता. सुरतले गया."

पैसे देऊन, पुस्तक छातीशी धरून त्या गर्दीत निघून गेल्या.

पुण्यात मी मालकांना अक्कांची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, पुस्तकावर वय छापू नका. ते हसले. "म्हाताऱ्या गोष्टी सांगतात, वाचत नाहीत."

पुढच्या खेपेला एसटीत बसल्या बसल्या मी प्रत्येक नव्या पुस्तकाचा शेवट वाचला. एकात मुलगा नदीत बुडत होता. ते मी ट्रंकेत तळाशी घातलं.

धुळ्यात दिवेलागणीपर्यंत टेबल मांडून बसलो. अक्का आल्या नाहीत. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. चौकशी तरी कोणाची करणार?