कक्कोचं बियाणं

शिंगाडा दातांनी फोडायचा, पांढरा गर तळहातावर ठेवायचा आणि तो हात थेट गिऱ्हाइकाच्या नाकाखाली न्यायचा. "पैले देख लो, फिर लियो." भाव त्यानंतर. झाशीच्या खंडेराव गेटपाशी टोपली घेऊन बसणाऱ्या त्या बाईकडून तुम्ही कधी शिंगाडे घेतले असतील, तर तो हात तुम्हालाही आठवेल. काट्यांनी टोचलेली बोटं, काळी पडलेली नखं.

आम्ही तिला कक्को म्हणायचो. इकडे बुंदेलीत काकीला तसंच म्हणतात. मऊरानीपुरकडच्या एका तळ्यात ती आणि तिचा मुलगा शिंगाड्याचे वेल लावत. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ती सकाळच्या बसने झाशीला येई. आमच्या घरच्या एकादशा आईपेक्षा तिलाच पाठ. आदल्या दिवशी दारात उभी राहून हाक मारायची, "मराठन बाई, कल ग्यारस है, भूल गईं?" आई म्हणे, हिला पंचांग कोण वाचून दाखवतं देव जाणे.

माझे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे शिकलेलं कुणाला तरी सांगावंसं वाटायचं. एकदा मी कक्कोला समजावलं की पृथ्वी तापते आहे. तिने शिंगाडे निवडत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बिटिया, जा बात तो तला ने हमें कब की बता दई."

तळं तिला खरंच सांगत होतं. पूर्वी ज्येष्ठापर्यंत त्यात पाणी असे. मग एका वर्षी सगळा पाऊस दोन दिवसांत कोसळला आणि वेल वाहून गेले. पुढच्या वर्षी आलाच नाही. दरसाल तिची टोपली लहान होत गेली. दुष्काळाची मदत आली तेव्हा ती ज्यांची शेतं होती त्यांना मिळाली. पाण्यात पिकवणाऱ्यांसाठी फॉर्मात रकानाच नव्हता. हे तिने हसत सांगितलं होतं, आणि मला हसावं की नाही ते कळलं नव्हतं.

मग एका संक्रांतीला ती टोपलीऐवजी एक माठ घेऊन आली. माठात पाणी आणि पाण्यात बियाण्याचे शिंगाडे. हे बियाणं कोरडं पडलं की मरतं, आणि शिळ्या, तापलेल्या पाण्यात कुजतं. एरवी ते तळ्याच्या कोपऱ्यात राही. त्या वर्षी तळ्यात नुसता चिखल होता. गावच्या हातपंपावर तासभर उभं राहून एक घागर मिळे. आमच्याकडे एक दिवसाआड का होईना, नळ येत होता. होळीला बहिणीच्या गावच्या तळ्यात नेऊन सोडीन, तोवर सांभाळा, असं ती म्हणाली. आईने माझ्याकडे बोट दाखवलं. कक्को मला म्हणाली, "रोज पानी बदल दियो, बिटिया. जेई है, और कछू नइयाँ." एवढंच काम.

महिनाभर मी पाणी बदललं. मग कॉलेजात निबंधस्पर्धा लागली. विषय होता, हवामानबदल आणि गरिबी. मी दहा दिवस लिहीत होते. कक्कोवरच लिहीत होते. तिची बोटं, तिचं तळं, तो नसलेला रकाना. माठ माझ्या पाठीमागे अंगणात होता. माघातच चैत्रासारखं ऊन पडलं होतं. मधे एकदा मी झाकण काढून पाहिलं. पाणी दिसलं, म्हणून बरं वाटलं.

मला दुसरं बक्षीस मिळालं. ज्यांचा दोष नाही तेच भोगतात, या माझ्या वाक्याला टाळ्या पडल्या.

होळीच्या आदल्या दिवशी कक्को आली. झाकण काढताच वास आला. तिने हात घालून एक शिंगाडा काढला, दातांनी फोडला, थुंकली, आणि सवयीने हात माझ्या नाकाखाली आणला. गर काळा, लिबलिबीत होता. ती "देख लो" म्हणाली नाही. गर मातीत झटकला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमाओ दोस नइयाँ, बिटिया. घाम ई ऐसो परो."

घाम म्हणजे तिच्या बोलीत ऊन. मी ते उन्हावर जाऊ दिलं. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती.

कक्कोने बियाणं गटारात ओतलं, माठ विसळला आणि राहू द्या म्हणाली, उन्हाळ्यात कामी येईल. त्याच आठवड्यात ती मुलाबरोबर दिल्लीला बांधकामावर गेली, असं भाजीवालीकडून कळलं. त्यानंतर ती आलेली नाही.

यंदाच्या देवउठनी ग्यारसला, म्हणजे कार्तिकी एकादशीला, आदल्या दिवशी कुणी हाक मारली नाही. आईने तिथी कॅलेंडरात पाहिली आणि मला गेटवर पाठवलं. कक्कोच्या जागी एक हातगाडी उभी होती. मी त्या माणसाला म्हटलं, "भैया, पहले एक फोड़ के दिखा दीजिए."

तो पिशवीत शिंगाडे भरत होता. मान वर न करता म्हणाला, "लेना हो तो लो."

मी घेतले.