परत न करता येणारी गुरुदक्षिणा

वार सोमवार, मार्च महिना, दुपार. ठिकाण: सात रस्त्याजवळचे आमचे आर्थिक गुन्हे शाखेचे कार्यालय. हजर: मी, तपासाच्या हवालदार बाई आणि जबाबासाठी बोलावलेले बार्शीचे एक प्राध्यापक. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर बरीच प्रकरणे मी विसरलो, ही दुपार मात्र जशीच्या तशी लक्षात आहे.

प्रकरण निनावी अर्जाने सुरू झाले. शहरात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम दलालामार्फत सायटेशन विकत घेतात, असा आरोप होता. सायटेशन म्हणजे एकाच्या लेखाचा दुसऱ्याने आपल्या लेखात घेतलेला आधार. ती जितकी जास्त, तितके अभ्यासकाचे वजन जास्त. मॅडमचा सुती कापडाच्या नैसर्गिक रंगांवरचा लेख सिमेंट, मधुमेह आणि पीकविम्यावरच्या लेखांतही आधाराला होता. अर्जाची प्रत त्यांच्या महाविद्यालयातही पोहोचली होती. त्यांची प्राध्यापकपदाची मुलाखत आमच्या अहवालापर्यंत थांबवण्यात आली. वीस-बावीस वर्षांची नोकरी आणि नाव, दोन्ही टांगणीला लागले.

मी नेहमीच्या क्रमाने कामे लावली: आधी बँक, मग फोन, मग माणसे. मॅडमच्या बँक खात्यात काहीच वावगे नव्हते. हवालदार बाईंनी त्या लेखांच्या लेखकांना एकेक करून फोन लावले आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "सर, काहीतरी वेगळंच आहे. मॅडमचं नाव काढलं की ही माणसं घाबरत नाहीत, खुलतात. एक जण तर मलाच विचारतोय, मॅडमची तब्येत बरी आहे ना?"

विकत घेतलेला माणूस नाव निघताच सावध होतो, हा माझा अनुभव. इथे एकही सावध नव्हता. शिवाय पीएच.डी.च्या सुरुवातीचा संशोधन पद्धतीचा वर्ग या सर्वांनी मॅडमकडेच केला होता. त्या वर्गाला सगळ्या विषयांचे विद्यार्थी एकत्र बसतात. त्यांतले बार्शीचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक सर्वांत जवळ राहणारे, म्हणून आधी त्यांना बोलावले.

"कापडाच्या रंगाचा आणि पीकविम्याचा काय संबंध?" मी विचारले.

"कायबी न्हाय, साहेब."

"मग मॅडमचा लेख का घातला?"

हवालदार बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "बोला की सर. हितं कोण खातंय व्हय तुम्हाला?"

तेव्हा ते बोलू लागले. "मीच सांगितलं सगळ्यांला. मॅडम गुरुपौर्णिमेला काय घेतच न्हाईत. शाल नेली, परत दिली. पेढे नेले, तितल्या तितं आमालाच वाटले. माझा प्रबंध त्यांनी ओळ न् ओळ तपासलाय साहेब, त्यांचा विषय नसताना. मग ग्रुपवर ठरवलं, पत्येकानं आपल्या लेखात मॅडमचा एक लेख घालायचा. हीच गुरुदक्षिणा. त्यांना कळायचं न्हाय आन् परतबी करता यायची न्हाय."

मॅडमना मीच त्या वेळेला बोलावले होते. त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"परत करता येत नाही होय?" त्या आत आल्या. "मी करून दाखवते. उद्यापासून प्रत्येकानं आपापल्या नियतकालिकाला पत्र लिहायचं, हा संदर्भ गैरलागू आहे, काढून टाका. पहिलं पत्र तुझं."

"मॅडम, तुमचे आकडे पडतील की. मुलाखत हाय."

"पडू देत. पहिल्या दिवशी वर्गात काय सांगितलं होतं मी?"

"जे वापरलं न्हाय, ते संदर्भात लिहायचं न्हाय."

"मग झालास नापास. चहा तरी दिला का यांनी तुला?"

एवढे बोलून त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवले आणि डोळ्यांना पदर लावला. हवालदार बाईंनी चहा सांगितला.

पैशांचा व्यवहार नाही, दलाल नाही, मॅडमना कल्पना नाही, असा अहवाल मी जबाबांसह पाठवला. पत्रे गेली, दुरुस्त्या छापून आल्या, आकडे खरोखरच घसरले. पण कापडाच्या रंगावर काम करणाऱ्या अभ्यासकांनी खरोखर घेतलेला आधार शिल्लक राहिला आणि मुलाखतीत तो पुरला. मॅडमनी फोन केला. म्हणाल्या, "साहेब, जेवढं उरलंय तेवढं माझं आहे. छान झोप लागते."

गुन्ह्याचा हेतू शोधताना आम्ही लोभ, राग आणि भीती तपासतो. कृतज्ञतेपोटीही माणसे दुसऱ्याला अडचणीत आणू शकतात, हे मी या प्रकरणात शिकलो. आवाजावरून माणूस ओळखणाऱ्या हवालदार बाईंचा मी ऋणी आहे. मॅडमचाही आहे. आपल्या फायद्याची खोटी गोष्ट स्वतःहून खोडणारा माणूस पोलिसाला रोज भेटत नाही.

एक काम बाकी आहे आणि निवृत्तीनंतर ते मी स्वतःकडे घेतले आहे. सिमेंटच्या लेखाच्या लेखकाने मधल्या काळात नोकरी सोडली, फोन बदलला. त्याच्या सहीच्या पत्राशिवाय नियतकालिक दुरुस्ती करत नाही. तो अक्कलकोटच्या पुढे कुठल्या तरी पुलाच्या कामावर आहे, असे परवा कळले. पत्राचा मसुदा तयार करून ठेवला आहे. गुरुवारी पहिल्या एसटीने त्याची सही आणायला निघायचे आहे.