डोंगरवाटेची दोनचाकी

आमचा मामा बाबागाड्या करायचा. गाडी विकली म्हणजे संबंध संपला, असं त्याचं नव्हतं. संध्याकाळी बागेच्या फाटकापाशी बसून तो आपल्या गाड्या जाताना बघायचा. आत कुणाचं पोर आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसे. चाक कुरकुरतंय का, तेवढं बघायचा. मामी म्हणायची, "लोकांचे नवरे बायका बघतात, आमचे हे चाकं बघतात."

एक दिवस लष्करातला एक साहेब मामाच्या कामाच्या शेडमध्ये आला. बहिणीकडे त्यानं मामाची गाडी पाहिली होती, एका हातानं मिटणारी. त्याला जखमी जवान डोंगरवाटेनं खाली आणायला दोनचाकी ढकलगाडी हवी होती, मिटून पाठीवर नेता येईल अशी.

"साहेब, आम्ही लष्कराला कधी खिळासुद्धा विकला नाही."

"म्हणून तर आलो. नेहमीचे कारखाने नेहमीचंच देतात. आता आमचेही नियम जरा सैल झालेत. आधी नमुना करा, खर्च आमचा. पास झाला तर पुढचं काम तुम्हालाच, पुन्हा टेंडर नाही. अटी समोरासमोर बसून ठरवू."

नमुना दोनदा नापास झाला, मग पास. साहेब शेडमधल्या डुगडुगत्या स्टुलावर बसला. आगाऊ रक्कम, वाढीव मुदत, सगळ्याला हो म्हणत गेला. शेवटी मामानं डोकं खाजवलं.

"मला ती एकदा चालताना बघायचीय. खऱ्या कामात."

"मामा, एवढं सोडून बोला. तिथं कुणाला नेता येत नाही."

मामी दारातच उभी होती. "अहो, कुणीतरी पडल्याशिवाय ती चालणार कशी? काय बघायचंय तुम्हाला?"

मामाचं तोंड एवढंसं झालं. पण ओढ काही जाईना. "बरं, मग दुरुस्तीला तरी माझ्याकडेच आल्या पाहिजेत." साहेबानं ते जागेवर कबूल केलं.

गाड्या गेल्या. टेम्पोचा आवाज आला की मामा हातातलं टाकून रस्त्यावर. टेम्पो दुसऱ्याच कुणाचा निघाला की हायसंही वाटायचं आणि मन खट्टूही व्हायचं.

बऱ्याच महिन्यांनी एक गाडी आली. धुऊनपुसून लख्ख. चाकाचं रबर एका अंगानं पार गेलेलं, छातीवरचा पट्टा कापलेला. मामा किती वेळ नुसतं चाक फिरवत बसला.

"पट्टा कापलाय गं."

"सोडवायला वेळ नसेल."

"म्हणजे वाचवायचीच घाई असणार. नाहीतर कशाला कापतील?"

मामीनं पट्ट्याची कापलेली टोकं जुळवून पाहिली.

गाडी नीट झाली तरी मामा ती परत पाठवायला बांधेना. आज रंग, उद्या तेल. मग साहेबाचाच फोन आला. "मामा, झाली का ती? तिकडे लागतेय."

यात कोण होता, पोचला का, हे मामाच्या ओठांवर आलेलं मामीला स्पष्ट दिसलं. तिनं हातानं खूण केली, विचारा की.

"आजच पाठवतो," मामा म्हणाला, आणि फोन ठेवला.