रिकामी कव्हरं

सावेडीतला तो फ्रेमवाला जुन्या रेकॉर्डची कव्हरं हॉटेलांच्या भिंतींसाठी मढवायचा. आतली तबकडी काढून सरळ भंगारात फेकायचा. मी हळहळलो की म्हणायचा, "लोकान्ला तोंड पायजे साहेब, आवाज न्हाई." कव्हराचा कोपरा दुमडलेला असला, तर मात्र तळहातानं कितीतरी वेळ सपाट करत बसायचा. फ्रेम तयार झाली की माझ्यासारख्या गिऱ्हाइकांना फोन त्याची बायको करायची.

ती वारल्यावर भेटायला गेलो. टेबलावर तिचे फोटो पसरले होते, एकही मढवलेला नव्हता. तो बराच वेळ मोबाईल चाळत राहिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तिचा तुमाला फोन यायचा न्हवं? रेकॉर्ड झालाय का बगा. माझ्याकडं निस्ते फोटोच हायेत."