कॅनूतली मधली जागा

माझा नवरा मासेमारीची परीक्षा पास झाला त्या संध्याकाळी मी त्याच्याशी धड बोलले नाही.

जर्मनीत साधा गळ पाण्यात सोडायचा तरी परवाना लागतो, आणि परवान्याच्या आधी परीक्षा. हॅम्बर्गमध्ये शनिवार-रविवारचे वर्ग करून, माशांची चित्रं ओळखायचा सराव करून तो पास झाला. हा माणूस पुण्यातल्या शाकाहारी घरात वाढलेला. लग्नानंतर माझ्या आईने पहिल्यांदा बांगडा वाढला तेव्हा काटा कुठून काढायचा हे त्याला मी शिकवलं होतं. तो आता दारातूनच ओरडला, "पास! एकही उत्तर चुकलं नाही!" मी "अरे वा" म्हटलं आणि कांदा चिरायला घेतला. कांदा लागणार नव्हता, त्या दिवशी पास्ता होता.

माझं माहेर देवगडजवळ, खाडीकाठचं. बाबा शाळेत शिक्षक, पण सुट्टीच्या दिवशी खाडीवर गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला जायचे. बरोबर दादा. मी मागे लागले की ठरलेलं उत्तर, "खडक निसरडे असतात, पोरीबाळींचं काम नाही ते." मी धक्क्यावर उभी राहून बघायची. दादाची दोरी ताणली गेली की मीही रिकामे हात मागे ओढायची. मासे घरी आले की ते साफ करायला मात्र मी चालायची. खवले काढताना अंगभर उडायचे आणि दादा ओटीवर बसून, तांबोशी कशी ओढ देत होती ते सगळ्यांना सांगायचा. ते ऐकून जे व्हायचं तेच मला त्या संध्याकाळी हॅम्बर्गमध्ये, चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात होत होतं. चाळिशी जवळ आलेली बाई मी. तरी होत होतं.

नवऱ्याला हे वेड लावलं त्याच्या टीम लीडने. पन्नाशीची, उंच, उन्हाने रापलेली बाई. दर उन्हाळ्यात ती मेक्लेनबर्ग प्रांतातल्या तळ्यांवर कॅनू घेऊन जाते, दिवसभर वल्हवते, वाटेत मासे पकडते आणि तंबूत राहते. नवऱ्याच्या बोलण्यात दिवसभर तीच. "ती म्हणते, वाऱ्याच्या बाजूच्या काठाला मासे जास्त." "ती म्हणते, ढगाळ दिवशी झगझगीत आमिष नको." पुण्यातल्या मैत्रिणीला मी फोनवर हे सांगितलं तर ती गंभीर आवाजात म्हणाली, "लक्ष ठेव गं." मला हसू आलं. त्या बाईवर मी जळत नव्हते. मी नवऱ्यावर जळत होते. कोणीतरी त्याला हाताला धरून पाण्यावर नेत होतं.

ऑगस्टमध्ये तीन दिवस तळ्यांवर जायचं ठरलं. टीम लीडचा जोडीदार येणार होता, पण त्याची पाठ धरली, म्हणून तिघांसाठी एकच मोठा कॅनू घ्यायचा असं झालं. निघायच्या आदल्या आठवड्यात ती आमच्याकडे चहाला आली आणि सतरंजीवर सामान पसरून बसली. कुठल्या पाण्यात काय वापरायचं यावर दोघांची चर्चा सुरू झाली.

"कॅनूत उभं राहता येत नाही," ती म्हणाली. "त्यामुळे गळाची लांब काठी नको. दोन तळ्यांच्या मध्ये सगळं सामान उचलून न्यावं लागतं, तेव्हा खोकी भरभरून आमिषंही नकोत. फार तर तीन पद्धती. मोकळं, खोल पाणी असेल तर वल्हवत जायचं आणि मागे वॉब्लर सोडून ठेवायचा." वॉब्लर म्हणजे लाकडी किंवा प्लास्टिकचा खोटा मासा. ओढला की जखमी माशासारखा डुलत येतो. "कमळांच्या पानांत ते अडकेल. तिथे रबरी मासा, त्याचा काटा झाकलेला असतो. आणि संध्याकाळी लव्हाळ्यांच्या कडेला साधा तरंगता बोंडा, मासा टोचला की बुडणारा, आणि त्याखाली गांडूळ."

"गांडूळ नको," नवरा म्हणाला. "ते फार... प्राथमिक वाटतं."

आम्ही खाडीवर कोळंबी लावायचो, म्हणजे बाबा आणि दादा लावायचे. मी चहाचे कप उचलता उचलता म्हटलं, "जिवंत वासाला मासा जसा येतो तसा प्लास्टिकला येत नाही."

"इथलं पाणी वेगळं आहे गं," नवरा म्हणाला, थेट माझ्या बाबांच्या आवाजात. मग मऊपणे, "आणि तुझ्याकडे परवाना नाही ना. तू आराम कर. पुस्तक घे वाचायला."

मी पुस्तक घेतलं. पण त्याच आठवड्यात ऑफिसच्या वेळात बसून शोध घेतला, तेव्हा कळलं की मेक्लेनबर्गमध्ये बाहेरून येणाऱ्यांना परीक्षा न देता थोड्या दिवसांचा परवाना मिळतो. मी तो काढला, त्या तळ्यांवर मासे धरायचं कार्डही घेतलं, आणि कोणाला काही बोलले नाही.

पहिल्या दिवशी कॅनूत बसायची वेळ आली. टीम लीड मागे, कारण दिशा मागून धरायची असते. नवरा पुढे, हातात काठी. मधे मी. माझ्या एका बाजूला तंबू, दुसऱ्या बाजूला खाण्याचं निळं पिंप, मांडीवर सगळ्यांची जॅकेटं. मधल्या माणसाला वल्हं नसतं, गळ नसतो. त्याने हलायचंही नसतं. मी जरा वळून एखादा बगळा बघितला की पुढून आवाज यायचा, "हलू नकोस ना!"

पाणी इतकं स्वच्छ की तळातली बुडालेली झाडं दिसत होती. दोन्ही काठांना बीचचं जंगल, माणूस नाही, घर नाही. असं पाणी मी स्वप्नातही पाहिलं नव्हतं आणि मला ते धड बघवत नव्हतं. माझे डोळे नवऱ्याच्या काठीच्या टोकावर चिकटून होते. वॉब्लर मागे कुठेतरी येत होता. मनात मी म्हणत होते, देवा, लागू देऊ नकोस. काहीही लागू नये.

लागलं. काठी एकदम कमानीसारखी वाकली आणि नवरा किंचाळला. टीम लीडने वल्हं आडवं धरून कॅनू थांबवला. "ओढू नकोस! त्याला जाऊ दे, मग घे. गेनाऊ! अस्संच! शाबास!" शेवटी तिने माझ्या डोक्यावरून जाळी पुढे दिली आणि त्या जाळीतून एक लांबुडका, हिरवट, ठिपक्याठिपक्यांचा मासा वर आला, तोंड बदकासारखं आणि आत दातच दात. हेक्ट. इथल्या तळ्यांतला वाघच म्हणायचा.

मग नवरा जाळी धरून तसाच बसला. परीक्षेत त्याने लिहिलं होतं की मासा आधी डोक्यावर मारून बेशुद्ध करायचा, मग लगेच सुरी चालवायची. लिहिलं होतं, केलं नव्हतं. त्याने आधी टीम लीडकडे बघितलं, मग माझ्याकडे. टीम लीड वाकून पुढे येऊ शकत नव्हती, कॅनू उलटला असता. तेव्हा सामानातला मासा मारायचा छोटा सोटा मी हातात घेतला आणि ती सांगत गेली तसं केलं. पटकन, एकाच घावात. माशाचा मला राग नव्हता. पण घाव जोरात बसला हे खरं.

मुक्कामाच्या जागी पोचल्यावर फोटो झाला. नवरा आणि टीम लीड मधे मासा धरून हसतायत. फोटो काढला मी. मग तो मासा साफ कोणी करायचा याची चर्चासुद्धा झाली नाही. मी तिथल्या लाकडी धक्क्याच्या फळीवर उकिडवी बसून तो फाडला. मागे नवरा बाजूच्या तंबूतल्या जोडप्याला सांगत होता, "काय ओढ होती! आधी वाटलं लाकूड अडकलंय!" माझ्या हाताला खवले चिकटले होते.

टीम लीड माझ्या शेजारी येऊन बसली. सुरी तिने माझ्या हातातून घेतली आणि उरलेला मासा ती साफ करू लागली. थोड्या वेळाने तिने सरळ विचारलं, "तू माझ्यावर चिडली आहेस का? आयफरझुख्टिश आहेस?"

जर्मनमध्ये यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. आपलं माणूस कोणी पळवेल या भीतीने जळणं, जे तिने विचारलं, ते वेगळं, आणि दुसऱ्याला मिळालेलं आपल्याला हवंय म्हणून जळणं वेगळं.

"नाही," मी म्हटलं. "नायडिश. आणि तुझ्यावर नाही, त्याच्यावर."

तिने सुरी थांबवली. "कशासाठी?"

"तू त्याला शिकवलंस. मला कोणी विचारलंही नाही."

"तू मागितलंस का?"

याचा मला राग आला. लहानपणी मागितल्यावर काय झालं होतं ते मला माहीत होतं, पण ते तिला कसं माहीत असणार? मी खिशातून परवाना काढून तिच्यापुढे धरला. तिने तो वाचला आणि मोठ्याने हसली, इतकी की नवरा वळून बघायला लागला. मग उठून तिच्या पिशवीतून तिने एक काठी आणली. जोडून जोडून लांब होणारी, पण रीळ नसलेली. टोकाला दोरा बांधायचा, बस्स. "ही आणली होती संध्याकाळसाठी. ही फार प्राथमिक आहे," ती म्हणाली आणि तिने डोळा मारला.

"परवाना काढलास आणि सांगितलं नाहीस?" नवऱ्याने विचारलं.

"तू पुस्तक घे म्हणालास, ते घेतलं की."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघे कॅनू घेऊन तळ्याच्या कमळांनी भरलेल्या कोपऱ्यात हेक्टच्या मागे गेले. मी गेले नाही. धक्क्याच्या कडेला लव्हाळी होती आणि तिथे पाण्यावर मधूनच बारीक मासे उड्या मारत होते, म्हणजे खाली त्यांना कोणीतरी पळवत होतं. आधी मी गांडूळ बोंड्याखाली वरवरच ठेवलं. काहीच नाही. मग दोरा थोडा थोडा सोडत गेले, गांडूळ जवळजवळ तळाशी पोचेपर्यंत. बाबा दादाला सांगायचे ते धक्क्यावर उभं राहून मीही ऐकलं होतं: पहिल्या टोचणीला ओढायचं नाही, तो चाखतोय, गिळू दे.

बोंडा हलला. थांबला. मग तिरका होऊन आत गेला आणि मी ओढलं.

तळहाताहून थोडा मोठा मासा, अंगावर काळे पट्टे, पर लालभडक. बार्श. धरायला गेले तर पाठीचा काटा अंगठ्यात घुसला आणि रक्त आलं. मी त्या लाकडी धक्क्यावर एकटी उभी राहून मराठीत मोठ्याने काहीतरी ओरडले. काय ते आठवत नाही. बाजूच्या जोडप्याने तंबूतून डोकं बाहेर काढून "पेट्री हाइल!" म्हटलं. मासा लागला की इथे कोळ्याचं असंच अभिनंदन करतात. त्यांनी हे मला म्हटलं. मला.

दोघे परत आले तेव्हा माझ्याकडे परतून खायला पुरतील इतके बार्श होते. त्यांच्याकडे काही नव्हतं, उलट एक महागातला रबरी मासा बुडालेल्या झाडात अडकून तुटला होता. टीम लीड थेट विचारायला लागली, किती खोल, कुठला काटा, बोंडा कधी ओढलास? नवरा डब्यात डोकावला आणि म्हणाला, "बार्श काय, इथे शाळेतली पोरंही पकडतात."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. खालचा ओठ जरा पुढे आला होता. तो चेहरा मी ओळखत होते, फक्त आजवर तो आतून ओळखत होते. मी म्हटलं, "हो ना, अगदी प्राथमिक." माशांना मीठ-हळद लावताना मी गुणगुणत होते, आणि ते मुद्दाम होतं.

शेवटच्या दिवशी मी नवऱ्याची रीळवाली काठी घेऊन कॅनूत आधी जाऊन पुढे बसले. नवरा काठावर उभा. "अगं, पण मोठं तळं आहे, वारा आहे, वॉब्लर तुला..."

"मधे बस," टीम लीडने त्याला मागून सांगितलं. "आणि हलू नकोस."

मोठं तळं अर्धं ओलांडलं असेल. वारा समोरून, लाटा कॅनूवर थपडा मारत होत्या. तेव्हा काठी माझ्या हातून जवळजवळ उडालीच. खाडीवर दादा जे सांगायचा, ते काहीच नव्हतं यापुढे. पाण्याखालून कोणीतरी माझा खांदाच खेचत होतं. रीळ किरकिरत फिरत होतं. एकदा मासा पाण्याबाहेर उसळला आणि आम्ही तिघांनी तो बघितला. नवऱ्याच्या हेक्टपेक्षा बराच मोठा. मग त्याने डोकं झटकलं, दोरा सैल झाला आणि रिकामा वॉब्लर वाऱ्यावर झुलत वर आला.

मी मागे वळले. टीम लीडने कपाळावर हात मारून घेतला होता. आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर, त्याने "अरेरे" म्हणायच्या आधी, क्षणभर सुटल्याचा भाव होता. स्वच्छ दिसला मला.

"तुला बरं वाटलं," मी म्हटलं.

"काय? छे! बिचारी..."

"खरं सांग."

तो मांडीवरच्या जॅकेटांकडे बघत राहिला. "थोडं," तो म्हणाला. "अगदी थोडं. सॉरी."

मला राग यायला हवा होता. पण मी इतकी हसायला लागले की कॅनू डुलायला लागला आणि टीम लीड जर्मनमध्ये ओरडली, काय चाललंय ते मला कळू दे. मी तिला सांगितलं. पहिल्या दिवशी माझी काय प्रार्थना चालू होती तेही सांगितलं. नवरा म्हणाला, "मला माहीत होतं. तू एवढी गप्प कधी नसतेस."

हिवाळ्यात मी हॅम्बर्गमध्ये परीक्षेच्या वर्गाला जायला लागले. माशांची चित्रं नवराच माझ्यापुढे धरतो आणि मी ओळखते. माझं एखादं उत्तर चुकलं की तो जरा जास्तच पटकन बरोबर उत्तर सांगतो. मी पुढचं चित्र मागते. पुढच्या उन्हाळ्यासाठी त्याने स्वतःला नवी काठी घेतली आहे, मी घेतलेल्या काठीपेक्षा चांगली. तो ऑफिसला गेला की मी ती काढून, दिवाणखान्यात उभी राहून वाकवून बघते.