पिवळी-काळी कडी

आज मी जिवंत आहे तो हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका काकांमुळे, हे आधी लिहितो. रॉकेलचा वास आला की अजून माझं मनगट ठणकतं. वादळात नगरच्या बागेतलं जुनं लढाऊ विमान चौथऱ्यावरून कलंडलं होतं आणि आम्ही काही हौशी माणसं रविवारी ते दुरुस्त करायचो. मी आठवीत शाळा सोडून चंद्रपूरहून नगरजवळच्या नागापूरला कारखान्यात वेल्डिंगला आलेलो. सुट्टीत खोलीवर करमायचं नाही म्हणून जायचो. त्या दिवशी गंजलेले बोल्ट रॉकेलनं भिजवून पायलटची खुर्ची काढायची होती. टेम्पोची सीट कडी ओढली की सरकते, तसंच असेल म्हणून मी खुर्चीत बसून पिवळी-काळी कडी धरली, तोच शिडीवरच्या काकांनी माझं मनगट आवळलं. "सोड! हळू सोड. ही खुर्ची उडती रं, मानसासकट!" खालून एकजण हसला, "काका, इतक्या वर्सांनी काय उडतंय?" संध्याकाळी काकांनी बोलावलेल्या लष्कराच्या माणसांनी त्याच खुर्चीमागून, संकटात पायलटला खुर्चीसकट बाहेर फेकणारा स्फोटकाचा जिवंत बार काढला, तेव्हा हसणारा मटकन मातीत बसला. काका एवढंच म्हणाले, "च्या पी आदी." आईला हे अजून सांगितलेलं नाही, ती लगेच परत बोलावेल. आता काकांना गुडघ्यांमुळे शिडी चढवत नाही. पण विमान पुन्हा उभं राहिलं, की मी त्यांना पाठीवर घेऊन वर चढणार आणि त्या खुर्चीत बसवणार.